कोकणातलं बैठं घर : फरशीखाली सोलिंग, पीसीसी की नुसता मुरूम?

गुहागर_बांधकाम
गुहागरजवळ जांभ्याचं बैठं घर, आतलं क्षेत्र ६०० चौ. फूट. जोतं बाहेरच्या जमिनीपासून अडीच फूट वर आलंय, आतला भराव बाकी आहे. वर ६०० × ६०० मिमीच्या व्हिट्रिफाइड टाइल बसवायच्या. ठेकेदाराचं म्हणणं : पायाच्या खोदाईतली लाल माती नि जांभ्याचे तुकडे आत लोटू, पाणी सोडू, वर तीन इंच काँक्रीट. सोलिंग (भरावावरचा दगडांचा थर) नकोच म्हणतो.
विचारायचं ते असं : ती माती चालेल का? सोलिंग करायचं तर काळ्या दगडाचं की जांभ्याचं? प्लॅस्टिकचा कागद नेमका कुठल्या थरावर? माल मागवायचा आहे, तेव्हा मापं दिलीत तर बरं.

जोतं_ते_छप्पर
हिशेब वरून खाली करा. टाइल आणि मसाला दोन इंच, पीसीसी (सळ्यांविना साधं काँक्रीट) चार, सोलिंग नऊ. झाले पंधरा. जोतं तीस इंच, म्हणजे भराव पंधरा इंच.

६०० चौ. फुटांवर पंधरा इंच म्हणजे ७५० घनफूट, साडेसात ब्रास. हे चोपलेलं माप. गाडीतून येणारा सुटा मुरूम चोपल्यावर साधारण पाव भाग बसतो, म्हणून दहा ब्रास धरा.

खोदाईतली वरची फूटभर माती बाहेरच टाका. तिच्यात मुळं, पालापाचोळा असतो. तो कुजला की खाली पोकळी, आणि वाळवीला आयतं खाणं. त्याखालचा जांभ्याचा मुरूम चालतो, मात्र मुठीएवढ्यापेक्षा मोठे तुकडे काढा. मोठ्या तुकड्यांच्या आड पोकळ्या राहतात.

पाणी सोडून भराव बसत नाही, विशेषतः चिकट लाल मातीचा. सहा इंचांचा थर, मूठ वळेल इतपत ओल, मग धुम्मस (चोपायचं जड ठोकळ्याचं हत्यार) किंवा प्लेट कॉम्पॅक्टर (चोपायचं मशीन), आणि मगच पुढचा थर. मशीन भिंतीच्या कडेला पोचत नाही, तिथे हातधुम्मसच लागतं. पुढे स्कर्टिंगखाली फट दिसते ती बहुतेक वेळा इथली. वेळ असेल तर भरावाला एक पावसाळा खाऊ द्या.

पीसीसी १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी), ४० मिमी खडी. चार इंचांना २०० घनफूट ओलं काँक्रीट : सिमेंट २० गोणी, वाळू एक ब्रास, खडी दोन ब्रास. सोलिंगला डबर (ओबडधोबड दगड) साडेचार ब्रास, तोही काळा. जांभा सच्छिद्र, पाणी पितो. ओल अडवायला तोच खाली घालण्यात अर्थ नाही.

ओल_निवारण
मापं बरोबर, पण नऊ इंच सोलिंगचा आग्रह मला पटत नाही. बैठ्या घराच्या फरशीवर वजन असं कितीसं येतं? सोलिंगचं इथलं काम ओल तोडण्याचं. बारीक मातीतून पाणी वर चढतं, दगडांमधल्या मोठ्या पोकळीतून चढत नाही. त्यामुळे जाडीपेक्षा त्या पोकळीत काय भरता ते बघा. गवंडी डबर लावला की त्यावर लाल मुरूम पसरून पाण्याने धुऊन आत घालतात. झालं, ओलीला शिडीच लावून दिली! पोकळ्यांत दगडाच्या चिपा आणि २० मिमी खडी ठोका, मातीचा कणही नको. असं केलंत तर सहा इंच, म्हणजे तीन ब्रास डबर पुरतो. मात्र खाली सांगितलेली इंचभर वाळू धरून भराव दोन इंचांनी वाढेल, सुटा मुरूम आणखी सव्वा-दीड ब्रास.

प्लॅस्टिक सोलिंगच्या वर, पीसीसीच्या खाली. आधी इंचभर वाळू (अर्धा ब्रास), नाहीतर दगडाची टोकं कागद फाडतात. जाडी २५० मायक्रॉन. पातळ कागद घमेली घेऊन चालणाऱ्यांच्या पायाखाली टिकत नाही. जोडाला सहा इंच एकावर एक आणि टेप, कडा भिंतीला वर वळवून जोत्यावरच्या डीपीसीपर्यंत (भिंतीत ओल अडवणाऱ्या थरापर्यंत) न्या. जोड आणि कडा धरून ७५० चौ. फूट मागवा. कागदामुळे काँक्रीटचं पाणी खाली झिरपत नाही, ते उशिरा आवळतं. म्हणून मिश्रणात पाणी कमीच ठेवा, आणि वर पाणी सुटलेलं दिसलं म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरू नका. ती पापडी नंतर सुटते.

खाडीची वाळू न धुता वापरू नका. मिठामुळे हवेतलीही ओल धरते आणि सांध्यांतून पांढरा लोणा फुटतो.

गुहागर_बांधकाम
सहा इंच आणि चिपा, ठरलं. वाळवीचं औषध कुठल्या थरावर? आणि संडास-बाथरूमचे पाइप आत्ता की नंतर?

जोतं_ते_छप्पर
सहा इंचांवर माझी हरकत नाही, चिपा तुम्ही स्वतः उभं राहून भरून घेणार असाल तर.

औषध चोपलेल्या भरावावर, सोलिंगच्या आधी. क्लोरपायरिफॉस २० ईसी, एक भाग औषध नि १९ भाग पाणी, दर चौ. मीटरला पाच लिटर. ६०० चौ. फूट म्हणजे ५६ चौ. मीटर : २८० लिटर द्रावण, १४ लिटर औषध. भिंतीच्या कडेला जास्त मुरवा. काम परवानाधारक माणसाकडून करा, आणि विहीर जवळ असेल तर त्याला आधी सांगा.

पाइप आत्ताच, वाळूच्या गादीवर, पाण्याने तपासून. पीसीसी नंतर फोडलं की कागदही फाटतो, आणि ओल नेमकी तिथून येते.

टाइलवाला_चिपळूण
टाइल लावण्याआधी पीसीसीला दहा दिवस पाणी मारा, मग महिनाभर वाळू द्या. दोन बाय दोन फूट प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून २४ तास ठेवा. खाली थेंब किंवा काळसर डाग दिसला तर थांबा.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे १:६ च्या मसाल्यावर सिमेंटचं पाणी ओतून बसवली की चिकटत नाही, नुसती टेकते. पोकळ आवाज येतो तो त्यामुळे. दीड इंच मसाल्याने लेव्हल करून तो वाळू द्या, फंटी (सरळ पट्टी) फिरवून उंचसखलपणा बघा (दोन मीटरमध्ये तीन मिमीपेक्षा जास्त नको), मग टाइप २ ॲडेसिव्ह (गोणीत मिळणारा टाइल चिकटवायचा तयार मसाला) खाचांच्या थापीने. तीन मिमी थराला २० किलोची गोणी ४५-५० चौ. फूट जाते, तेरा गोण्या लागतील. टाइलच्या पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसायची, हे काम हमखास टाळलं जातं. सांधा दोन मिमी, भिंतीपाशी पाच-सहा मिमी फट, ती स्कर्टिंगखाली झाकते.

ओल_निवारण
एक राहिलं. पागोळ्यांचं पाणी जोत्याच्या बुडाशी साचत असेल तर आतला कागद भिंत वाचवणार नाही, जांभा बाहेरूनच पिईल. घराभोवती अडीच ते तीन फूट रुंद काँक्रीटची पट्टी करा, उतार बाहेरच्या बाजूला, फुटाला पाव-अर्धा इंच. पट्टी आणि भिंतीचा सांधा डांबराने भरा. कुंड्या आणि जास्वंदी तिच्या पलीकडे.