डिबगरमधे फ्लोटिंग पॉइंट रजिस्टर्स सगळे शून्य दाखवतायत, एरर पण येत नाही

अर्धाबाइट

नमस्कार मंडळी. गेले तीन महिने ऑफिस संपलं की रात्री बसून लिनक्ससाठी स्वतःचा छोटा डिबगर (दुसरा प्रोग्राम मधेच थांबवून आत डोकावणारा प्रोग्राम) लिहितोय, सी प्लस प्लसमधे, फक्त ६४ बिट एक्स८६ (जीडीबी हा तयार डिबगर असताना हे उपद्व्याप कशाला असं विचारू नका, घरी रोज विचारतात). ब्रेकपॉइंट लागतात, सिंगल स्टेप होतं, आरएएक्स आरएसपी वगैरे प्रोसेसरमधली रजिस्टर्स वाचता येतात, बदलता पण येतात. हे सगळं लिनक्सच्या पीट्रेस या सिस्टम कॉलच्या पीकयूझर (वाचायला) आणि पोकयूझर (लिहायला) विनंत्यांनी केलंय, म्हणजे स्ट्रक्ट यूझरमधला ऑफसेट द्यायचा आणि आठ बाइट उचलायचे, विषय संपला.

आता म्हटलं फ्लोटिंग पॉइंट पण उरकून टाकू. त्याच स्ट्रक्टमधे आय३८७ नावाचं फील्ड आहेच, तेव्हा त्याचा ऑफसेट काढला आणि तेच फंक्शन वापरलं. तर एक्सएमएम० पासून १५ पर्यंत (१२८ बिटांची रजिस्टर्स) सगळे शून्य, एसटी० (जुन्या एक्स८७ युनिटचं रजिस्टर) पण शून्य. टेस्ट प्रोग्राममधे एका डबलमधे ४२.५ टाकलाय, ब्रेकपॉइंट पुढच्याच ओळीवर आहे, जीडीबी तिथे एक्सएमएम० मधे ४२.५ दाखवतो आणि माझं पोरगं शून्य. एररनो (एरर कोड) पण स्वच्छ. लिहायला गेलो तर मात्र ईआयओ एरर. वाचताना गप्प आणि लिहिताना भांडण, हे काय प्रकरण आहे? अलाइनमेंट बघून झालं, ऑफसेट बोटांवर मोजून झाला, कंपायलर बदलून झाला, दोन रात्री गेल्या.

जुनाखोड

ऑफसेट बरोबरच असेल, तू दार चुकीचं ठोठावतोयस. कर्नलमधला एक्स८६ चा पीट्रेसचा कोड उघडून बघ, फार मोठा नाहीये. पीकयूझरमधे उत्तर आधीच शून्य धरून ठेवलेलं असतं, मग ऑफसेट जनरल रजिस्टर्सच्या भागात पडला तर ते वाचतो, डिबग रजिस्टर्सच्या भागात पडला तर ते, आणि दोन्हीत नसेल तर तेच शून्य तुझ्या हातावर ठेवून मोकळा होतो. पोकयूझर सुरुवातच ईआयओ धरून करतो म्हणून तिथे तुला निदान कळलं तरी. ते आय३८७ फील्ड बघून भले भले फसतात, पण तो ढाचा मुळात कोअर फाइलसाठीचा आहे, त्यात फील्ड आहे म्हणजे या वाटेने मिळेलच असं नाही.

तुला पीट्रेसचीच गेटएफपीरेग्स विनंती पाहिजे. एका कॉलमधे अख्खे ५१२ बाइट मिळतात, प्रोसेसरची एफएक्ससेव्ह इन्स्ट्रक्शन मेमरीत जे ओतते तोच नकाशा. सुरुवातीला कंट्रोल वर्ड, स्टेटस वर्ड, टॅग (कुठला खण भरलेला ते), २४ व्या बाइटला एमएक्ससीएसआर (एक्सएमएमचं कंट्रोल आणि स्टेटस रजिस्टर), ३२ पासून आठ एसटी रजिस्टर्स प्रत्येकी १६ बाइटच्या खणात, १६० पासून सोळा एक्सएमएम. लिहिताना एकच रजिस्टर बदलायचं असलं तरी आधी सगळं वाच, तेवढा तुकडा बदल, मग सेटएफपीरेग्सने अख्खा गठ्ठा परत दे. रिकामा स्ट्रक्ट घेऊन फक्त एक्सएमएम० भरून परत दिलास तर कंट्रोल वर्ड आणि एमएक्ससीएसआर शून्य होतील, म्हणजे सगळ्या एक्सेप्शनचे मास्क उघडे, आणि बिचाऱ्या प्रोग्रामला पहिल्याच १ भागिले ३ ला एसआयजीएफपीई सिग्नल, कारण ते उत्तर नेमकं बसत नाही. मी हे केलेलं आहे आणि दिवसभर प्रोग्राममधे बग शोधत होतो.

अर्धाबाइट

काका तुमच्या पायावर डोकं. आकडे आले. पण आता वेगळीच गंमत. एक्सएमएम० मी चार फ्लोट म्हणून छापतोय तर येतंय ०, मग ३.०८२०३१२५, मग ०, ०. हा ३.०८ माझ्या प्रोग्राममधे कुठेच नाहीये. कचरा आहे का हा?

रात्रपाळी

कचरा नाही रे, तुझा ४२.५ च आहे तो, तू त्याला मधोमध कापलायस :) ४२.५ डबल म्हणून हेक्समधे ४०४५४००००००००००० असा बसतो. खालचे चार बाइट शून्य म्हणून पहिला फ्लोट शून्य, वरचे चार म्हणजे ४०४५४०००, आणि ते फ्लोट म्हणून वाचलं की बरोब्बर ३.०८२०३१२५. कागदावर करून बघ, मजा येते.

रजिस्टरला टाइप नसतो हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. तिथे १२८ बिट आहेत बस, ते चार फ्लोट की दोन डबल की सोळा बाइट हे फक्त त्या क्षणीच्या इन्स्ट्रक्शनला माहीत. म्हणून जीडीबी एक्सएमएम ला युनियन करून सगळे अर्थ एकदम पुढ्यात टाकतो, दिसायला गचाळ आहे पण खोटं बोलत नाही. तू पण बाइट्सच ठेव आणि युजरला फॉरमॅट विचार.

आणि एक, आतल्या आत व्हॅल्यू फिरवताना फ्लोटमधून डबलमधे कन्व्हर्ट करून ठेवू नकोस. सिग्नलिंग नॅन (‘आकडा नाही’ सांगणारी, वापरली की एक्सेप्शन देणारी व्हॅल्यू) असेल तर कन्व्हर्ट होताना तो क्वाएट होतो, एक बिट बदलतो, आणि डिबगरनेच पुरावा पुसला असं होतं. मेमकॉपी कर, दुसरं काही नको.

अर्धाबाइट

केलं, फॉरमॅट घेतोय आता. एक्सएमएम चा विषय मिटला. पण एसटी वाल्यांनी छळलंय. असेंब्लीत दोनच ओळी लिहिल्या, एफएलडीपीआय (पाय लोड) आणि एफएलडी१ (१ लोड), पुढे आयएनटी३ (ब्रेकपॉइंट). म्हणजे एसटी० मधे १ आणि एसटी१ मधे पाय पाहिजे. आकडे तसे आहेत पण. पण टॅगवरून मी रिकामं की भरलेलं दाखवतो तिथे एसटी० आणि एसटी१ रिकामे येतात, आणि एसटी६ एसटी७ भरलेले, ज्यांच्यात शून्य आहे. टॅगची बाइट हेक्समधे सी० आहे. मी बिट उलटे वाचतोय का?

जुनाखोड

उलटे नाही, वेगळ्या मोजपट्टीने वाचतोयस. इथे सगळेच एकदा आपटतात.

एक्स८७ म्हणजे आठ खणांची उतरंड. खण जागेवर असतात, आर० ते आर७, आणि स्टेटस वर्डमधले ११ ते १३ हे तीन बिट सांगतात की सध्या वरचा खण कोणता, त्याला टॉप म्हणायचं. एसटी० म्हणजे टॉपचा खण, एसटी१ त्याच्या पुढचा, असं गोल फिरत. सुरुवातीला टॉप ०, पहिल्या लोडला तो ७ होतो, दुसऱ्याला ६. म्हणजे तुझा पाय आर७ मधे आणि १ आर६ मधे. आता खुबी अशी की एफएक्ससेव्ह आकडे लिहिताना एसटीच्या क्रमाने लिहितो पण टॅगचे बिट मात्र खणांच्या क्रमाने. सी० म्हणजे सातवा आणि सहावा बिट. बरोबरच आहे ना! एसटी आय साठी टॉप अधिक आय, त्याला ७ ने अँड, तो बिट बघ. स्टेटस वर्ड तपास, ३००० हेक्स असणार, म्हणजे टॉप ६.

अजून एक खड्डा. इंटेलच्या पुस्तकात टॅग वर्ड १६ बिटांचा दिसेल, प्रत्येक खणाला दोन बिट, ०० म्हणजे नीट आकडा, ०१ शून्य, १० इन्फिनिटी नॅन वगैरे, ११ रिकामा. तो जुन्या एफसेव्हचा. एफएक्ससेव्हने त्याचा एकच बिट केला आणि अर्थही फिरवला, १ म्हणजे भरलेला. जीडीबी युजरला १६ बिटवालाच दाखवतो, त्यासाठी प्रत्येक खणातला आकडा उघडून तो शून्य आहे का विशेष आहे हे परत ठरवतो. तुझ्याकडे सी० आणि जीडीबीत वेगळं काही दिसलं तर घाबरू नकोस.

रात्रपाळी

त्यात भर. खण १६ बाइटचा असला तरी आकडा पहिल्या १० बाइटमधेच असतो. पाय तुला ३५ सी२ ६८ २१ ए२ डीए ०एफ सी९ ०० ४० असा दिसला पाहिजे, टेस्टमधे तेवढेच १० बाइट ताड. मी एकदा सगळे १६ मेमकम्पने ताडत होतो आणि टेस्ट कधी पास कधी नापास.

शिवाय लाँग डबलवर विसंबायचं तर फक्त याच मशीनवर. एआरएम६४ लिनक्सवर लाँग डबल १२८ बिटांचा वेगळाच प्राणी आहे, आणि विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला तो डबलच. उद्या रिमोट डिबगिंग करायची हौस आली (येणारच) की ८० बिट हाताने फोडावे लागतील: १ साइन, १५ एक्स्पोनंट, आणि मग ६४ ज्यात सुरुवातीचा १ उघड लिहिलेला असतो, डबलसारखा लपवलेला नाही.

एम्बेडेडवाली

विषय एक्स८६ चा आहे पण राहवलं नाही म्हणून. तुम्हाला निदान कर्नल ताटात वाढून देतो, आमच्याकडे कॉर्टेक्स एम४ या मायक्रोकंट्रोलरच्या कोअरवर फ्लोटिंग पॉइंट युनिट रिसेटनंतर बंदच असतं, सीपीएसीआर या कंट्रोल रजिस्टरमधे चार बिट उचलल्याशिवाय पहिल्याच फ्लोट इन्स्ट्रक्शनला फॉल्ट. त्यात इंटरप्ट आला की स्टॅकवर आठ शब्दांऐवजी सव्वीस शब्दांची जागा घेतली जाते, पण लेझी स्टॅकिंग चालू असेल तर जागा फक्त राखून ठेवतात, एस० वगैरे फ्लोट रजिस्टर्स तिथे लिहिलेले नसतातच. मी नवीन असताना बॅकट्रेसमधे त्या जागेवरून एस रजिस्टर्स काढून दाखवले आणि टीमलीडला छातीठोकपणे सांगितलं की फिल्टरचा गुणक बिघडलाय. गुणक ठणठणीत होता, मी मागच्या कधीतरीच्या स्टॅकचा उष्टा डेटा वाचत होते. आठवडाभर मला चहाला हाक मारताना सगळे ‘गुणक’ म्हणायचे.

जुनाखोड

हाहा, ताई तुमचा हा किस्सा वायएमएमला (एक्सएमएमचंच २५६ बिटांचं मोठं रूप) पण तसाच लागू पडतो. अर्धाबाइट, तू एव्हीएक्सला, म्हणजे ती वायएमएम वापरणाऱ्या इन्स्ट्रक्शन्सना, हात घालशील तेव्हा गेटएफपीरेग्स पुरणार नाही, कारण वायएमएमचा वरचा अर्धा भाग त्या ५१२ मधे नाहीच. तिथे पीट्रेसचंच गेटरेगसेट आणि एक्सस्टेटचा नोट टाइप. ५१२ नंतर ६४ बाइटचा हेडर, मग ५७६ पासून वरचे अर्धे. हेडरमधला पहिला शब्द सांगतो की कुठला भाग खरंच वापरात आहे. एव्हीएक्सचा बिट खाली असेल तर वरचे अर्धे शून्य समजायचे, तिथे मेमरीत काय आहे ते बघायचंच नाही. आणि लिहिताना तो बिट वर करायला विसरलास तर तू लिहिलेलं गुपचूप फेकलं जाईल, परत एररशिवाय.

त्यापुढचे ऑफसेट कोडमधे ठोकून बसवू नकोस, सीपीयूआयडी इन्स्ट्रक्शनच्या डी लीफला विचार. एव्हीएक्स५१२ चे मास्क रजिस्टर्स इंटेलवर १०८८ ला सापडतात आणि एएमडीच्या काही चिपवर ८३२ ला, जीडीबीलाही यामुळे कोड बदलावा लागला होता.

अर्धाबाइट

टॉपवालं लागू केलं, एसटी० ला १, एसटी१ ला पाय, बाकी सहा रिकामे, स्टेटस खरंच ३०००. बायकोला उठवून दाखवणार होतो पण विचार बदलला.

शेवटचा प्रश्न. युजरने रिकाम्या एसटी० मधे आकडा लिहिला तर मी टॅग आपणहून भरलेला करू का?

जुनाखोड

मी तरी नाही करणार. युजर कदाचित रिकामा खण वाचल्यावर प्रोग्राम काय करतो हेच बघत असेल. वॉर्निंग दे आणि टॅग वेगळा बदलू दे. अपवाद एकच, युजरने फंक्शनमधून जबरदस्तीने लाँग डबल परत करायला सांगितलं तर. तो एसटी० मधून जातो (डबल एक्सएमएम० मधून), तेव्हा तिथे टॉप ७ आणि फक्त आर७ भरलेला असं तूच मांडून द्यायचं, जीडीबी पण तेच करतो. नाहीतर कॉल करणारा कोड रिकाम्या खणातून उचलायला जातो आणि त्याच्या हातात नॅन पडतो.

अर्धाबाइट

बरं. आज झोपतो, उद्या वायएमएम.

रात्रपाळी

उद्या म्हणजे आजच, तीन वाजलेत.