खाणीतल्या ठेका कामगाराचा अर्ज कुठं द्यायचा? राज्याच्या कामगार कार्यालयातून परत पाठवला

उमरेडरोडवाला:
माझा भाचा कोळसा खाणीत ठेकेदाराकडे आहे. पगार खात्यात पूर्ण जमा होते, मग सुपरवायझर एटीएमपाशी उभा राहून त्यातले पैसे परत घेते. राज्याच्या कामगार कार्यालयात अर्ज नेला तर म्हणे, "हे सेंट्रलचं आहे." अन् ठेकेदार तर इथलाच, नंदनवनचा! दिल्लीचा काय संबंध? टाळून राहिले का?

जुना_युनियनवाला:
नाही भाऊ, बरोबर सांगितलं त्यांनी. ठेकेदार कुठला ते पाहत नाहीत, काम कुठं चालते ते पाहतात. खाण, रेल्वे, बँक केंद्राकडे. हिंगणा-बुटीबोरीतले बहुतेक कारखाने राज्याकडे.

ही वाटणी आजची नाही. १९३७ पर्यंत दिल्लीत उद्योग अन् कामगार मिळून एकच खातं होतं, मग कामगार खातं वेगळं झालं. खरा जोर आला १९४२ नंतर. त्या जुलैत बाबासाहेब नागपूरच्या परिषदेला आले होते अन् त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाले. तेव्हा वीज अन् पाटबंधारेही याच खात्यात होते, हे आपल्या पोट्ट्यांना कोणी सांगत नाही! त्यांच्याच काळात, १९४५ मध्ये, केंद्राच्या कारभारातल्या कामगारांसाठी मुख्य श्रम आयुक्ताची यंत्रणा उभी राहिली. तुमचा अर्ज तिथंच जाईल. पुढच्या वर्षी कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, तेही त्यांचंच विधेयक.

अर्ज सहायक श्रम आयुक्त (केंद्रीय) यांच्या नावानं लिहा. त्यात एकट्या ठेकेदाराचं नाव टाकू नका, खाण कंपनीलाही प्रतिवादी करा. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाला, म्हणजे खाण कंपनीला, द्यावी लागते.

वर्धमाननगर_७७:
आता तर २९ कामगार कायद्यांचे ४ कोड (संहिता) झाले. जुनं सांगून काय फायदा?

जुना_युनियनवाला:
कोड आले, पण खाण केंद्राकडेच राहिली अन् मुख्य मालकाची जबाबदारीही गेली नाही. पगार आला त्या दिवशीची अन् पैसे काढले त्या दिवशीची, दोन्ही नोंदी पासबुकात दिसल्या पाहिजेत. त्याची झेरॉक्स लावा. आणखी दोघा-तिघांच्या पासबुकात दर महिन्याला तेवढीच रक्कम निघालेली दिसली, तर ठेकेदाराला उत्तर देता येणार नाही. एकट्याला पाठवू नका, दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास काढून घेतील.

उमरेडरोडवाला:
सोबतचे दोघं तयार आहेत. पीएफचा नंबरही दिला नाही म्हणते. तेही यातच लिहू का?

जुना_युनियनवाला:
नाही, त्याचा अर्ज वेगळा. कोळशाचा पीएफ म्हणजे सीएमपीएफ, तो कोळसा मंत्रालयाकडे येते.