उत्तर: उमेदवाराच्या भूमिका कशा तपासायच्या

विधानसभेच्या उमेदवाराची आश्वासनं आणि भूमिका कशा तपासायच्या, असा प्रश्न होता. त्यातली तीन आश्वासनं, म्हणजे रेल्वे थांबा, ग्रामीण रुग्णालयाचं उपजिल्हा रुग्णालय करणं आणि गावातले रस्ते, एकाच मापाने मोजू नयेत. रेल्वे हा केंद्राचा विषय. तिथे आमदार निवेदन देतो, पाठपुरावा करतो. निर्णय त्याच्या हातात नाही.

रुग्णालयाचं तसं नाही. सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत, म्हणजे राज्याच्या अधिकारातल्या विषयांच्या यादीत येतं, त्यामुळे इथे खोलात प्रश्न विचारायला हवेत. ग्रामीण रुग्णालय 30 खाटांचं, उपजिल्हा रुग्णालय 50 किंवा 100 खाटांचं. श्रेणीवर्धनाला, म्हणजे रुग्णालयाचा दर्जा वाढवायला शासनाची मंजुरी लागतेच, पण खरी अडचण पदनिर्मितीत असते. इमारतीला निधी मिळतो, उद्घाटन होतं आणि भूलतज्ज्ञाचं पद मंजूर नसल्याने किंवा रिक्त राहिल्याने सिझेरियनची रुग्ण जिल्ह्याला पाठवली जाते. म्हणून 'पदांच्या आकृतिबंधाबद्दल (कोणती आणि किती पदं मंजूर, याबद्दल) काय करणार?' असं विचारा. उत्तर फक्त इमारतीचं आलं, तर उमेदवाराने अभ्यास केलेला नाही असं मी तरी समजेन.

रस्त्यांबाबत आधी मालकी विचारा: सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषद की ग्रामपंचायत? आमदार निधीतून, म्हणजे मतदारसंघातल्या कामांसाठी आमदाराला मिळणाऱ्या निधीतून, काम सुचवता येतं. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी पातळीवर आणि तांत्रिक मान्यता अभियंत्याकडून मिळते. मोठ्या कामाला अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पानंतर सरकार मागतं त्या जादा खर्चात) तरतूद लागते.

उमेदवार विद्यमान आमदार असेल तर त्याचे विधानसभेतले तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) आणि लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या) काढून बघा. उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरचे गुन्हे उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना 26 च्या शपथपत्रात असतात. धोरणं त्यात सापडणार नाहीत.