दोन औषधांनी फिट्स थांबल्या नाहीत, तर ऑपरेशनचा विचार लगेच की अगदी शेवटी?

वैजयंती_क (धागाकर्ती)

माझं मत सुरुवातीलाच सांगते. नीट निवडलेली, पुरेशा डोसमध्ये दिलेली दोन औषधं घेऊनही फिट्स येत राहिल्या, तर त्या माणसाची मेंदूच्या ऑपरेशनच्या दृष्टीने तपासणी झालीच पाहिजे, म्हणजे फिट जिथून सुरू होते तो भाग काढता किंवा तोडता येईल का ते बघायला. आपल्याकडे तिसरं, चौथं, पाचवं औषध बदलून बघण्यात शाळा-कॉलेजची सगळी वर्षं निघून जातात. मग कुणीतरी म्हणतं, "आता एवढंच राहिलंय, सर्जनला दाखवा."

एपिलेप्सीच्या, म्हणजे वारंवार फिट्स येण्याच्या आजाराच्या, साधारण दोन-तृतीयांश रुग्णांच्या फिट्स औषधांनी आटोक्यात येतात. प्रश्न उरलेल्यांचा आहे. पहिली दोन औषधं निकामी ठरली की पुढच्या औषधाने फिट्स पूर्ण थांबण्याची शक्यता फार कमी उरते, हे २००० साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी दाखवलं. २०१० मध्ये एपिलेप्सीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने औषधांना दाद न देणाऱ्या एपिलेप्सीची व्याख्याच दोन औषधांवर बांधली. कॅनडातल्या २००१ च्या अभ्यासात टेम्पोरल लोबमधून, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागातून, फिट्स येणारे ८० रुग्ण होते. निम्म्यांना ऑपरेशनच्या गटात घातलं, निम्म्यांना औषधांवर ठेवलं. वर्षभराने शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून मोकळे झालेले रुग्ण ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के होते आणि औषधांच्या गटात ८ टक्के. दिल्लीच्या एम्सचा २०१७ चा अभ्यास तर आपल्याच मुलांवरचा आहे. ११६ मुलं होती, आणि वर्षभर एकही फिट न आलेली ऑपरेशनच्या गटात ७७ टक्के, औषधांच्या गटात ७ टक्के.

टेम्पोरल लोबची फिट बऱ्याच घरांत ओळखूच येत नाही. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, नजर एका जागी थिजते, ओठ चाटल्यासारखे हलतात, हात शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहतो. मिनिट-दोन मिनिटांत संपतं आणि त्याला काहीच आठवत नाही. घरचे म्हणतात, "तंद्री लागते त्याला." अशा कितीतरी जणांच्या एमआरआयमध्ये एका बाजूचा हिप्पोकॅम्पस (टेम्पोरल लोबच्या आतला, आठवणी साठवायला लागणारा भाग) आक्रसलेला दिसतो, आणि ऑपरेशनचा सर्वांत चांगला गुण याच रुग्णांना येतो. त्यांनाच वर्षानुवर्षं ताटकळत ठेवायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

---

रानजाई

पूर्ण असहमत. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. तिसऱ्या औषधाने त्याच्या फिट्स निम्म्यावर आल्या. थांबल्या नाहीत, पण तो शाळेत जातो, कबड्डी खेळतो. दुसऱ्या औषधानंतर आम्हाला लगेच ऑपरेशनकडे ढकललं असतं तर?

शिवाय त्या एम्सच्या अभ्यासातला एकच आकडा का दिलात? ऑपरेशन झालेल्या मुलांपैकी ३३ टक्क्यांना गंभीर त्रास झाला, हेही त्यातच लिहिलंय. तीनातलं एक मूल. आईला हा आकडा आधी सांगा, ७७ नंतर.

---

वैजयंती_क

ताई, हा आकडा इथे यायलाच हवा, आणि तो बरोबर आहे. फक्त तो त्रास कोणता, तेही बघू. गंभीर त्रास झालेल्या १९ मुलांपैकी १५ जणांना शरीराच्या एका बाजूला अशक्तपणा आला. अर्धा मेंदू दुसऱ्या अर्ध्यापासून तोडावा लागतो, किंवा हातपाय हलवणाऱ्या भागाला लागून ऑपरेशन असतं, तेव्हा हे होणार याची कल्पना आधीपासून असते. दिवसाला कित्येक फिट्स येणाऱ्या मुलाचे आईवडील ते समजून-उमजून पत्करतात. टेम्पोरल लोबच्या ऑपरेशनचा हिशोब वेगळा आहे. आणि मी 'तपासणी' म्हणतेय. तपासणी झालेल्या सगळ्यांचं ऑपरेशन होत नाही, कित्येकांना डॉक्टरच नाही म्हणतात.

---

दिगंत_७

मला त्या अमेरिकन माणसाची गोष्ट विसरता येत नाही. १९५३ मध्ये फिट्ससाठी हेन्री मोलेसनच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस काढले. फिट्स कमी झाल्या, पण २००८ मध्ये वारला तोपर्यंत त्याच्या मनात नवी आठवण टिकली नाही. वर्षानुवर्षं भेटणारी संशोधकही त्याला दर वेळी नवीच.

आता एकाच बाजूला हात लावतात, हे मान्य. तरी डाव्या बाजूच्या ऑपरेशननंतर नावं, शब्द आठवायला जड जाणं आजही घडतं. माझी बहीण बँकेत काउंटरवर बसते. महिन्याकाठी एखादी फिट येते. सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन होऊ शकतं, पण तुमची शब्दांची स्मरणशक्ती अजून चांगली आहे, त्यामुळे गमवायलाही जास्त आहे. तिने नाही म्हटलं. "खातेदार समोर उभा राहिला की नाव ओठावर यायला पाहिजे, दादा, माझं काम तेच आहे." मला तिचा निर्णय पटतो.

---

वैजयंती_क

मलाही पटतो. पण तिला हे कळलं ते तपासणी झाली म्हणूनच ना? मी भांडतेय ते याच्यासाठीच.

---

तालुका_डॉक्टर

दोन्ही बाजूंना एक सांगतो. दोन औषधं हरली असं म्हणण्याआधी ती पोटात गेली होती का, ते बघा. माझ्याकडे येणाऱ्यांत गोळ्या संपल्या म्हणून आठवडाभर खंड पडलेले, उपास म्हणून न घेतलेले, बरं वाटलं म्हणून निम्म्या केलेले खूप असतात. काहींना औषधच चुकीचं मिळालेलं असतं. सकाळी उठल्या उठल्या हातातून चहाचा कप उडतो, जागरण झालं की मोठी फिट येते, अशा सोळा-सतरा वर्षांच्या पोराला कार्बामाझेपिन हे फिट्सचं नेहमीचं औषध दिलं तर त्रास वाढू शकतो. औषध बदललं की बहुतेक वेळा पोरगं सुधारतं. त्याला सर्जनकडे कशाला पाठवायचं?

दुसरं म्हणजे आपल्याकडे फिट्सचं एक मोठं कारण पट्टकृमीची अंडी आहेत, ज्याच्या अळ्या डुकराच्या मांसात असतात तो कृमी. अस्वच्छ हातांतून, कच्च्या भाजीतून ती शाकाहारी माणसाच्याही पोटात जातात. स्कॅनमध्ये मेंदूत त्या कृमीची गाठ दिसली की घरचे हादरतात. त्यातल्या बऱ्याच गाठी औषधोपचाराने, काही तर आपोआपही, विरून जातात.

एवढं सगळं तपासूनही फिट्स चालूच असतील, तर मात्र मी धागाकर्तीच्या बाजूचा आहे.

---

कोकणकडा

ऑपरेशन राहिलं लांब, आमच्याकडे अजून फिट आली की नाकाला कांदा आणि चप्पल लावतात. १९९९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाला आड येणाऱ्या कारणांतून एपिलेप्सी काढली, तरी मुलीचा आजार सासरी लपवायचा म्हणून गोळ्या माहेरीच ठेवून तिला पाठवतात. मग फिट येणार नाही तर काय होईल? आधी यावर बोला.

---

यंत्रमानव

तंत्रज्ञान कुठल्या कुठे चाललंय. कवटीला बारीक छिद्र पाडून लेसरची तार आत घालतात आणि एमआरआयमध्ये बघत बघत नेमका तेवढा भाग जाळतात. फिट सुरू होताना ओळखून तिथेच विजेचा झटका देणाऱ्या, डोक्यात बसवायच्या उपकरणाला अमेरिकेत २०१३ मध्येच मंजुरी मिळाली. मग आज कवटी उघडण्याची घाई कशाला? पाच-सात वर्षं थांबा, हे सगळं इथेही सर्रास होईल.

---

वैजयंती_क

थांबणंही फुकट नसतं. एपिलेप्सी असलेल्या हजार प्रौढांमागे वर्षाला साधारण एकाचा अचानक, बहुतेकदा झोपेत, मृत्यू होतो. मोठ्या फिट्स वारंवार येणाऱ्यांना धोका त्याहून जास्त. लेसरने जखम लहान होते, माणूस लवकर घरी येतो, हे खरं. पण टेम्पोरल लोबच्या बाबतीत फिट्स थांबण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशनच्या वर गेलेलं नाही, उलट थोडं खालीच आहे. आणि ते उपकरण फिट्स कमी करतं, पूर्ण थांबतात त्या थोड्यांच्याच. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा या सरकारी संस्थेत १९९५ पासून एपिलेप्सीची ऑपरेशन्स होतायत, बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूच्या रुग्णालयात होतात, एम्समध्ये होतात. हातात आहे ते सोडून येणाऱ्याची वाट का बघायची?

---

रानजाई

डॉक्टरांचा प्रतिसाद पटला. ऑपरेशनला मी अजूनही नाहीच म्हणतेय. पण ती तपासणी म्हणजे नक्की काय करतात? दवाखान्यात नेऊन मुद्दाम औषध कमी करतात असं ऐकलंय. माझ्या पोराला मुद्दाम फिट आणायची?

---

वैजयंती_क

माझ्या भाच्याच्या वेळी मी सोबत होते, म्हणून सांगते. डोक्याला वायरी चिकटवतात, वर पट्टी गुंडाळतात आणि खोलीतला कॅमेरा रात्रंदिवस चालू असतो. औषध हळूहळू कमी करतात, कारण फिट कुठून सुरू होते ते फिट आल्याशिवाय कळत नाही. हो, ते बघवत नाही. पण नर्स हाकेच्या अंतरावर असते, हाताला सलाइनची सुई आधीच लावलेली असते आणि फिट लांबली तर लगेच इंजेक्शन देतात. सोबतच्या माणसाला एक बटण देतात, सुरुवात दिसली की ते दाबायचं. त्यानंतर त्याला नाव विचारायचं, हात वर करायला सांगायचं, आणि कॅमेऱ्याच्या आड यायचं नाही.

त्याआधी एक काम घरीच करून ठेवा. पुढची फिट आली की त्याला कुशीवर वळवा आणि दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर शूटिंग घ्यायला सांगा. चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. आधी कोणता हात आखडला, मान कुठे वळली, शुद्धीवर आल्यावर बोलता येत होतं का, हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतील.

---

रानजाई

शूटिंग घेऊन ठेवते. डिसेंबरमध्ये सहामाही संपते, तेव्हा नंबर लावते. तपासणीपुरताच.