‘थिअरेटिकली’ या इंग्रजी क्रियाविशेषणासाठी मराठीत नेमके काय लिहावे?

प्रश्न (भाषांतरकार):
एका विज्ञानविषयक इंग्रजी लेखाचे भाषांतर करताना ‘थिअरेटिकली’ हे क्रियाविशेषण वारंवार येत आहे. प्रत्येक ठिकाणी ‘सैद्धान्तिकदृष्ट्या’ लिहिले, तर काही वाक्ये चपखल बसतात आणि काही अगदीच अवघडून जातात. एके ठिकाणी लेखक म्हणतो की नेपच्यूनचे स्थान आधी ‘थिअरेटिकली’ निश्चित झाले होते, तर दुसऱ्या ठिकाणी म्हणतो की हे यंत्र ‘थिअरेटिकली’ वर्षभर बंद पडू नये. पहिल्या वाक्यात हा शब्द विधानाला बळ देतो आणि दुसऱ्यात शंकेला जागा करून देतो, असे मला वाटते. हा फरक व्याकरणातून येतो की केवळ संदर्भातून?

उत्तर (व्याकरणप्रेमी):
बऱ्याच अंशी व्याकरणातून येतो. आपल्या पहिल्या वाक्यात हे क्रियाविशेषण क्रियापदाशी जोडलेले आहे आणि स्थान कोणत्या रीतीने निश्चित झाले, एवढेच ते सांगते. युरेनसच्या गतीतील विसंगतींवरून फ्रेंच गणितज्ञ ल व्हेरिए यांनी अज्ञात ग्रहाचे स्थान गणिताने काढले आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ गाले यांना तो ग्रह त्या स्थानापासून एका अंशाच्या आत दिसला. येथे संशयाचा लवलेशही नाही, म्हणून मी सरळ ‘गणिताने’ किंवा ‘सिद्धान्ताच्या आधारे’ असे लिहीन. दुसऱ्या वाक्यात मात्र ते संपूर्ण विधानाला लागू होते. अशा वेळी इंग्रजीत ते पुष्कळदा वाक्यारंभी, स्वल्पविरामासह येते, सोबत ‘शुड’ किंवा ‘कुड’ असते आणि मागोमाग ‘पण’ येण्याची अपेक्षा असते. मराठीत ही छटा ‘तसे पाहिले तर’ किंवा ‘खरे तर बंद पडू नये’ अशा रचनेतून येते. तेथे ‘सैद्धान्तिकदृष्ट्या’ लिहिल्यास वाचक एखादा सिद्धान्त शोधत बसेल, जो मूळ लेखकाच्या मनातही नव्हता.

उत्तर (भौतिकीचा शिक्षक):
वरील विवेचन मान्य आहे, परंतु हा शब्द विशेषणापूर्वी किंवा संख्येपूर्वी आला की केवळ त्याच्या जागेवरून निर्णय होत नाही. फ्रेंच अभियंता कार्नो यांनी १८२४ मध्ये मांडलेल्या विचारांतून पुढे सिद्ध झालेल्या नियमानुसार, ६०० केल्विन आणि ३०० केल्विन या तापमानांमध्ये चालणाऱ्या उष्णता-इंजिनाची (उष्णतेपासून काम करून घेणाऱ्या यंत्राची) कार्यक्षमता ‘थिअरेटिकली’ जास्तीत जास्त ५० टक्के असते. याचा अर्थ ‘म्हणायला ५० टक्के’ असा नव्हे. ही मर्यादा कोणतेही इंजिन ओलांडू शकत नाही, उलट प्रत्यक्षातील प्रत्येक इंजिन तिच्या खालीच राहते. याउलट संगणकाला उपकरणे जोडण्याच्या यूएसबी २.० या पद्धतीचा वेग ‘थिअरेटिकली’ सेकंदाला ४८० मेगाबिट आहे असे वाचले, की तो वेग फाइल पाठवताना हाती येणार नाही, हे जाणकार ओळखतो. दोन्हीकडे कमाल मर्यादाच सांगितलेली आहे, पण पहिल्या वाक्यात भर मर्यादेच्या पक्केपणावर आहे आणि दुसऱ्यात तिच्यापर्यंत न पोहोचण्यावर. त्यामुळे मी पहिल्या ठिकाणी ‘सिद्धान्तानुसार’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘कमाल वेग, मात्र प्रत्यक्षात याहून कमी’ असे लिहिले असते. शब्दाला शब्द ठेवण्याच्या हट्टापायी विज्ञानाची मराठी उगाचच जड होते.

उत्तर (संपादक):
‘तत्त्वतः’ हा पर्याय जवळचा भासतो, पण जपून वापरावा. वृत्तपत्रीय मराठीत ‘तत्त्वतः मान्यता’ म्हणजे मूळ कल्पना मान्य, तपशील नंतर, असा अर्थ रूढ आहे आणि तो इंग्रजीतील ‘इन प्रिन्सिपल’शी जुळतो. ‘कागदोपत्री’ हा शब्दही सर्वत्र चालत नाही, कारण त्यात नोंदीचा, अनेकदा सरकारी नोंदीचा, भाव आहे. एखादी व्यक्ती ‘थिअरेटिकली’ प्रमुख आहे असे उपरोधाने म्हटले असेल, तर ‘नावापुरती प्रमुख’ हेच योग्य. तेथे सिद्धान्ताचा काहीही संबंध उरलेला नसतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. ‘हायपोथेटिकली’ आले, तर तेही याच पद्धतीने सोडवता येईल का?

उत्तर (व्याकरणप्रेमी):
तेथे काम पुष्कळ सोपे आहे, कारण त्या शब्दात मुळात एक कल्पित परिस्थिती गृहीत धरलेली असते. ‘समजा’ किंवा ‘असे गृहीत धरले तर’ एवढ्याने बहुतेक वाक्ये मार्गी लागतात. ‘थिअरेटिकली’ला मात्र ‘समजा’ लावू नये, कारण नेपच्यूनचे स्थान कोणी समजून चालले नव्हते. ते गणिताने काढले होते.