आपली सोसायटी (फक्त कामाचे मेसेज)

देशपांडे काका ए-२०३: रोहनने काल रात्री टाकलेला क्वालालंपूरचा कार्यक्रम आत्ता चष्मा लावून वाचला. चार रात्री. त्यातला एक अख्खा दिवस गेंटिंगच्या डोंगरावरचं आउटलेट, परतीच्या दिवशी विमानतळाजवळचं दुसरं आउटलेट. आणि बाटू केव्हज, ते गुहेतलं देऊळ, 'वेळ उरल्यास'. मला हे मान्य नाही. पैसे सगळ्यांत आधी मी भरलेत.

पाटील वहिनी बी-४०१: सुप्रभात काका 🙏 चहा झाला का?

पाटील वहिनी बी-४०१: आउटलेटचं गच्चीवरच्या मीटिंगमध्ये हात वर करून ठरलंय. तुम्ही होतात.

देशपांडे काका ए-२०३: होतो. तेव्हा शब्द 'थोडीफार खरेदी' असा होता.

जाधव बी-१०२: काकांना सिंगापूर आठवलं 😂

अहिरे ताई सी-२०१: जाधव, नका काढू तो विषय.

देशपांडे काका ए-२०३: काढलाच आहे तर पूर्ण ऐका. सात किलोच्या हँडबॅगेत माझे दोन सदरे, टॉवेल आणि बीपीच्या गोळ्या होत्या. काउंटरवर वजन अकरा किलो! तिथेच फरशीवर उकिडवा बसून चेन उघडली तर आत लेडीज सँडलचे तीन जोड. मागे ही रांग. शेवटी कोणाकोणाची दोन जॅकेटं एकावर एक घालून विमानात बसलो. घामाने भिजलो होतो.

पाटील वहिनी बी-४०१: विचारून ठेवले होते. तुम्ही हो म्हणालात.

देशपांडे काका ए-२०३: मी झोपेत होतो.

कासार खजिनदार: लिफ्ट फंड प्रत्येकी २,५००. चौदा फ्लॅट बाकी. कृपया आजच भरावे.

सोनवणे सर सी-३०२: काकांच्या मुद्द्याशी सहमत, पण मुख्य चूक वेगळीच आहे. ट्विन टॉवरना जोडणारा पूल सोमवारी ठेवलाय. सोमवारी तो पर्यटकांना बंद असतो.

रोहन पाटील: अरे बापरे. बघतो सर. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

जाधव बी-१०२: नशीब 😅 ८८ मजल्यांची बिल्डिंग बघायला जायचं आणि कुलूप बघून यायचं.

सोनवणे सर सी-३०२: पूल ४१-४२व्या मजल्यावर आहे. टॉवर ४५२ मीटर. १९९८ ते २००४ जगात सगळ्यांत उंच हेच होते.

पाटील वहिनी बी-४०१: खालून फोटो तर सोमवारीपण निघतो ना? पुढच्या बागेत संध्याकाळी कारंजी असतात, तीपण फुकट.

कासार खजिनदार: लिफ्ट फंड प्रत्येकी २,५००. चौदा फ्लॅट बाकी. परदेशी निघालेल्यांपैकी पाच जण या यादीत आहेत. नावं घेत नाही.

जाधव बी-१०२: नावं घेत नाही म्हणून फ्लॅट नंबरांची यादी खाली नोटीस बोर्डावर लावलीये 😂

बोरसे सेक्रेटरी: विषयाला धरून बोला. आणि सहलीचा वेगळा ग्रुप केला होता ना? त्याचं काय झालं?

अहिरे ताई सी-२०१: त्यात फक्त साड्यांचे फोटो येतात.

जाधव बी-१०२: मला एक सांगा, क्वालालंपूर म्हणजे चिखलाचा संगम ना? क्लांग आणि गोंबाक नद्यांचा. चिखलाचा संगम बघायला एवढा खर्च? तपोवनात गोदा-कपिला संगम आहे, रिक्षाने जा. चिखल हवा तर पावसाळ्यात जा.

रोहन पाटील: जाधव काका, तुम्ही येत नाही आहात, तुम्हाला काय त्रास?

जाधव बी-१०२: म्हणूनच बोलतोय बाळा. जाणाऱ्यांना बोलायला वेळ कुठे.

कुलकर्णी आजी ए-१०१: बाटूला कार्तिकस्वामी आहे असे नात म्हणाली. बायकांनी दर्शन घ्यायचे नसते. वहिनींनी खाली थांबावे.

अहिरे ताई सी-२०१: आजी, पंचवटीत कार्तिक पौर्णिमेला बायकांचीच तर रांग असते.

कुलकर्णी आजी ए-१०१: तो एक दिवस. इतर दिवशी नाही.

सोनवणे सर सी-३०२: आजी, तिकडे ते मुरुगन. तमिळ लोकांत ही अट नाही. थैपूसमच्या सणाला बायका डोक्यावर दुधाच्या घागरी घेऊन त्याच २७२ पायऱ्या चढतात. पायथ्याची सोनेरी मूर्ती जवळजवळ १४० फूट आहे, २००६ मध्ये उभारली. ती रस्त्यावरूनच दिसते, डोळे मिटून किती चालणार?

कुलकर्णी आजी ए-१०१: बरं. मग माझ्या नावाने नारळ फोडा.

देशपांडे काका ए-२०३: २७२ म्हणजे सप्तशृंगी गडाच्या जवळपास निम्म्या पायऱ्या. मी सहज चढेन.

पाटील वहिनी बी-४०१: गडावर तुम्ही ट्रॉलीने गेला होतात काका.

देशपांडे काका ए-२०३: गुडघ्याचं ऑपरेशन नुकतं झालं होतं. लोकांना सगळं लक्षात राहतं, फक्त सँडल कोणाचे ते राहत नाही.

बोरसे सेक्रेटरी: 🙏🙏 सर्वांनी शांतता राखावी.

सोनवणे सर सी-३०२: आउटलेटबद्दल थोडं. टॅगवर ६०% लिहिलेलं दिसलं की हुरळून जाऊ नका. बराचसा माल गेल्या सीझनचा, उरलेल्या नंबरांचा असतो. काही कंपन्या तर आउटलेटसाठी वेगळाच हलका माल काढतात. इथला भाव फोनवर बघा, मग पाकीट उघडा. रिंगिटला (तिथलं चलन) सरळ वीसने गुणलंत तर फसाल, वर कार्डाचा मार्कअप वेगळा. आणि सिंगापूरसारखा टॅक्स परत मागू नका. मलेशियाने जीएसटीच २०१८ मध्ये काढून टाकला, परत काय मिळणार?

जाधव बी-१०२: म्हणजे गेल्या वर्षीचे बूट घ्यायला पाच तास विमानात बसायचं.

पाटील वहिनी बी-४०१: जाधव भावजी, आता ऐका. माझ्या पायाचा नंबर तीन. कॉलेज रोडच्या दुकानात मला चालायचे बूट मागितले की मुलगा वरून खाली बघतो आणि लहान मुलांच्या सेक्शनला पाठवतो. तिथले गुलाबी, टाचेत लाइट लागणारे. पन्नाशीत मी ते घालून गोल्फ क्लबवर फिरू? आउटलेटला उरलेले नंबर म्हणजे माझाच नंबर. सिंगापूरला एका दुकानात तीन जोड मिळाले म्हणून तिन्ही घेतले. अजून तेच वापरतेय.

अहिरे ताई सी-२०१: वहिनी ❤️ हे कधी बोलला नाहीत.

जाधव बी-१०२: लाइटवाले बूट पार्किंगमध्ये बरे, तिथला दिवा दोन महिने बंद आहे.

कासार खजिनदार: दिव्याचे पैसे लिफ्ट फंड आल्यावर. लिफ्ट फंड प्रत्येकी २,५००. तेरा फ्लॅट बाकी.

बोरसे सेक्रेटरी: एकाने भरले! कोण?

कासार खजिनदार: देशपांडे काका. आत्ताच.

सोनवणे सर सी-३०२: व्हिसा लागत नाही (१ डिसेंबर २०२३ पासून, ३० दिवसांपर्यंत), पण डिजिटल अरायव्हल कार्ड (ऑनलाइन फॉर्म) पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. फुकट आहे. कोणी पैसे मागितले तर ती साइट खोटी. हे मी तिसऱ्यांदा सांगतोय.

रोहन पाटील: नवीन प्लॅन: ट्विन टॉवर मंगळवारी. गेंटिंग ठेवू, पण केबल कारने वर जायचं, मधे चिनी देऊळ बघायचं, आउटलेट शेवटचे तीन तास. परतीच्या दिवशी विमानतळाजवळचं आउटलेट. तिथे सामान ठेवता येतं आणि आत फ्लाइटचे बोर्ड लावलेत, कोणी हरवलं तरी विमान चुकणार नाही. बाटू बुधवारी सकाळी पक्कं. केएल सेंट्रलवरून लोकल आहे, अर्ध्या तासाच्या आसपास.

अहिरे ताई सी-२०१: इथून मुंबईला कसं? घाट की समृद्धी?

जाधव बी-१०२: समृद्धी. घाटात ताईंना उलटी होते, मला माहितीये.

अहिरे ताई सी-२०१: सगळं माहिती असतं तुम्हाला.

देशपांडे काका ए-२०३: बुधवारी मी पहिल्या लोकलने बाटूला. ऊन चढायच्या आत. ज्यांना यायचंय त्यांनी लॉबीत वेळेवर यावं, हाका मारणार नाही. माकडं आहेत, हातात पिशवी नको. गुडघे झाकलेले हवेत.

पाटील वहिनी बी-४०१: मी येते काका. आजींचा नारळ माझ्याकडे. फक्त येताना बूट तुमच्या बॅगेत ठेवले तर चालतील का? विचारतेय. तुम्ही जागे आहात.

देशपांडे काका ए-२०३: किती जोड?