जाळण्याला पर्याय आहे
एकांनी लिहिलंय की महागड्या फॅशन ब्रँडनी न खपलेला माल स्वस्तात काढला तर ब्रँडचा भाव उतरतो, म्हणून तो जाळावाच लागतो. मला हे अजिबात पटत नाही. बर्बेरी या ब्रिटिश फॅशन ब्रँडने 2017-18 या एका आर्थिक वर्षात 2.86 कोटी पौंडांचा माल नष्ट केला. 2018 मध्ये ओरड झाल्यावर ती प्रथा थांबवल्याचं जाहीर केलं. म्हणजे थांबवता येत होतं! विणणाऱ्या-शिवणाऱ्यांचे कष्ट भट्टीत घालायची गरजच नव्हती. फ्रान्समध्ये तर 2020 च्या कायद्यामुळे 2022 पासून अशा नासाडीवर बंदीच आहे.

एर्मेस या महागड्या फ्रेंच ब्रँडची 'पती आश' कार्यशाळा 2010 पासून उरलेल्या चामड्या-रेशमाच्या तुकड्यांतून नव्या वस्तू घडवते. लुई व्हिटाँसारखे ब्रँड असलेल्या एलव्हीएमएच या फ्रेंच समूहाचं 'नोना सोर्स' शिल्लक कापड इतर डिझायनरांना कमी दरात विकतं. हे प्रमाण अजून खूप वाढायला हवं.